विधिमंडळाचा एक दिवस : मुंबई इलाख्यापासून महाराष्ट्रापर्यंत

राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला विधिमंडळाचा परिचय सामान्यतः दोन मार्गांनी होतो. एक मार्ग संविधानातील कलमांचा, दुसरा वृत्तपत्रांचा. कलमांतून अधिकारांची यादी कळते आणि वृत्तपत्रांतून गोंगाटाची वार्ता कळते. परंतु सभागृह भरल्यापासून ते उठेपर्यंत नेमके काय करते, आणि जे करते ते त्याच क्रमाने का करते, याचा बोध या दोहोंपैकी एकाही मार्गाने नीटसा होत नाही. हा बोध ज्या कागदावरून होऊ शकतो तो दिसण्यात अगदीच रुक्ष आहे. बैठकीपूर्वी प्रत्येक सदस्याच्या हाती पडणारा 'दिवसाच्या कामकाजाचा क्रम' हा तो कागद होय. त्यावर एकाखाली एक अशा बाबी छापलेल्या असतात : प्रश्नोत्तरे, पटलावर ठेवावयाचे कागदपत्र, लक्षवेधी सूचना, शासकीय विधेयके, मागण्यांवरील चर्चा व मतदान, आणि आठवड्यातील ठरलेल्या दिवशी अशासकीय विधेयके व ठराव.

प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे ते एवढेच की, हा क्रम केवळ सोयीखातर लावलेला नाही. त्यातील जवळजवळ प्रत्येक बाब कोणत्या ना कोणत्या काळी सरकारच्या हातून, पुष्कळदा झगडून, मिळविलेली आहे. आणि ज्या क्रमाने हे हक्क मिळत गेले त्याच्या खुणा आजच्या दिनक्रमात अद्याप शाबूत आहेत. विवेचनासाठी मुंबईचे विधिमंडळ निवडले आहे. त्याची परंपरा १८६२ पासून चालत आली आहे. मधल्या काळात इलाख्याचा प्रांत झाला, १९३६ साली सिंध वेगळा निघाला, १९५६ साली द्विभाषिक राज्य आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. तरी कामकाजाची पद्धती एका सभागृहाकडून दुसऱ्याकडे वारशाने येत राहिली.

दिवसाची मालकी कोणाची

विधिमंडळाचे खरे भांडवल म्हणजे वेळ. राज्यपाल अधिवेशन बोलावितो. संविधानाच्या १७४ व्या कलमाप्रमाणे दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये. अधिवेशन किती दिवस चालावे हे मात्र संविधान सांगत नाही. मिळालेल्या दिवसांवर तिघांचा हक्क असतो. सरकारला आपली विधेयके व खर्चाच्या मागण्या संमत करून घ्यावयाच्या असतात. विरोधी पक्षाला सरकारचे दोष उघडे करावयाचे असतात. आणि पक्ष कोणताही असो, साध्या सदस्याला आपल्या मतदारसंघातील रस्ता, पाटबंधारा, दवाखाना वा शाळा यांच्याविषयी मंत्र्याला जाब विचारावयाचा असतो. या तिघांच्या मागण्या एकाच दिवसात बसवावयाच्या म्हणजे वाटणी करणे आलेच. ही वाटणी कामकाज सल्लागार समितीत ठरते. विधानसभेत अध्यक्ष आणि विधान परिषदेत सभापती तिचे पालन करवितात. आणि तिचा मूळ साचा संविधानाच्या २०८ व्या कलमान्वये सभागृहाने स्वतःच केलेल्या नियमांत असतो.

सभागृह भरले असे केव्हा म्हणावयाचे, हाही प्रश्न गौण नाही. १८९ व्या कलमाप्रमाणे गणपूर्तीसाठी एकूण सदस्यसंख्येचा दहावा हिस्सा हजर हवा. महाराष्ट्र विधानसभेची सदस्यसंख्या २८८ आहे, म्हणजे एकोणतीस सदस्य पुरेत. ७८ सदस्यांच्या विधान परिषदेला, एका सभागृहास किमान दहा सदस्यांची अट असल्यामुळे, दहा लागतात. निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. कोट्यवधी लोकांना बांधणारा कायदा अल्पसंख्य उपस्थितीतही विधिवत संमत होऊ शकतो, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

पहिला तास : प्रश्नोत्तरे

बैठक सुरू झाल्यावर पहिला तास प्रश्नोत्तरांचा. हा मान प्रश्नांना का मिळाला हे समजण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

१८६१ च्या कौन्सिल कायद्याने मुंबईस जी परिषद मिळाली तिची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये झाली. गव्हर्नर स्वतः अध्यक्षस्थानी असे. सदस्य सगळे नेमलेले. नेमलेल्या हिंदी सदस्यांत जगन्नाथ शंकरशेट हे एक होते. या परिषदेला समोर आलेल्या विधेयकाखेरीज अन्य कोणत्याही विषयाची चर्चा करण्याची मुभा नव्हती. दुष्काळ पडो वा साथ येवो, सदस्याला त्याबद्दल सरकारास एक शब्दही विचारता येत नसे. म्हणजे त्या काळच्या परिषदेच्या दिनक्रमात एकच बाब होती, आणि ती सरकारची होती.

१८९२ च्या कायद्याने प्रथम दोन कवाडे किलकिली केली. सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलण्याची परवानगी मिळाली, आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. अंदाजपत्रकावर मत देता येत नव्हते. उत्तर असमाधानकारक वाटले तर त्यावर पुढचा प्रश्न विचारता येत नव्हता. तथापि सरकारला लेखी उत्तर द्यावे लागणे हीच त्या राज्यव्यवस्थेत नवी गोष्ट होती. या कायद्यान्वये झालेल्या अप्रत्यक्ष निवडणुकांतूनच फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक आणि पुढे गोपाळ कृष्ण गोखले ही मंडळी मुंबईच्या परिषदेत आली. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्या सदस्यापुरता उपप्रश्नाचा अधिकार दिला. १९१९ च्या कायद्यानंतर झालेल्या नियमांनी तो कोणत्याही सदस्याला खुला झाला.

उपप्रश्नाचे महत्त्व वरवर पाहता ध्यानात येत नाही. मूळ प्रश्नाचे उत्तर खात्यातील अधिकारी आधीच तयार करतात. ते काळजीपूर्वक घोळलेले असते, आणि कित्येकदा त्याचा सारा भर काहीही न सांगण्यावर असतो. उपप्रश्न मात्र जागच्या जागी येतो, आणि त्याला उत्तर मंत्र्यालाच द्यावे लागते. मंत्र्याला आपल्या खात्याची माहिती कितपत आहे याची परीक्षा तेथे होते. म्हणून तोंडी उत्तर अपेक्षित असलेल्या 'तारांकित' प्रश्नावर उपप्रश्न चालतात आणि केवळ लेखी उत्तर हव्या असलेल्या 'अतारांकित' प्रश्नावर चालत नाहीत, हा फरक छपाईतील एका चिन्हाचा नसून दोन निरनिराळ्या हत्यारांचा आहे. तातडीच्या बाबतीत अल्पसूचना प्रश्न असतो; उत्तराने समाधान झाले नाही तर त्याच विषयावर अर्धा तास चर्चा मागता येते.

प्रश्नांच्या तासाला आणखी एक महत्त्व १९८५ नंतर प्राप्त झाले आहे. त्या वर्षी संविधानास जोडलेल्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या वा मतदानाच्या वेळी तटस्थ राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व धोक्यात येते. परिणामी मतदानाचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. परंतु पक्षादेश मताला बांधतो; प्रश्नाला बांधत नाही. सत्ताधारी पक्षाच्या सदस्याने आपल्याच मंत्र्याला अडचणीत आणणारा उपप्रश्न विचारला तर त्याच्या सदस्यत्वाला या अनुसूचीखाली धक्का लागत नाही. ज्या एका तासात प्रत्येक सदस्य प्रथम प्रतिनिधी असतो आणि मग पक्षाचा, तो तास हाच. सप्टेंबर १९२० पासून नव्हे, तर १८९२ पासून वाढत आलेला हा हक्क किती सहज बाजूला ठेवता येतो याचे उदाहरण मात्र अलीकडचे आहे : सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या काळात भरलेल्या संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास वगळण्यात आला होता.

प्रश्नोत्तरांनंतर

प्रश्नोत्तरे संपली की शासकीय कामकाजाला आरंभ होण्यापूर्वी एक मधला टप्पा येतो. प्रथम कागदपत्रे सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात : महामंडळांचे वार्षिक अहवाल, लेखापरीक्षेचे अहवाल, नियमांच्या अधिसूचना, आणि अधिवेशन नसताना राज्यपालांनी काढलेले अध्यादेश. ही बाब मिनिटभरात उरकते व प्रेक्षकांना कंटाळवाणी वाटते. परंतु तीमागे महत्त्वाचे तत्त्व आहे. २१३ व्या कलमाप्रमाणे अध्यादेश विधिमंडळापुढे ठेवावाच लागतो, आणि विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही तर तो आपोआप संपतो. जो कागद पटलावर आला त्यावर प्रश्न विचारता येतो. जो आला नाही त्याविषयी पुष्कळदा सदस्याला ठाऊकही नसते.

यानंतर स्थगन प्रस्तावाची वेळ येते. हा हक्क १९१९ नंतरच्या नियमांतला. निश्चित स्वरूपाच्या, तातडीच्या आणि सार्वजनिक महत्त्वाच्या एखाद्या घटनेवर चर्चा करण्यासाठी नेहमीचे कामकाज तहकूब करावे, अशी ही मागणी असते. 'निश्चित', 'तातडीची' आणि 'सार्वजनिक' या तीन शब्दांवर पीठासीन अधिकाऱ्यांचे किती तरी निर्णय झाले आहेत. सरकारच्या हाती असलेला दिवस हिसकावून घेण्याचा हा मार्ग असल्याने परवानगी क्वचितच मिळते. नामंजूर झालेल्या प्रस्तावाविषयी बोलताना सदस्य आपला मुद्दा नोंदवून घेतो, आणि पुष्कळदा त्याचा हेतूही तेवढाच असतो.

या मार्गातील अडचण ओळखून संसदेत १९५४ साली लक्षवेधी सूचनेची पद्धत सुरू झाली व पुढे ती राज्यांतही रूढ झाली. सदस्याने मंत्र्याचे लक्ष एखाद्या निकडीच्या बाबीकडे वेधावयाचे, मंत्र्याने निवेदन करावयाचे, आणि त्यावर काही प्रश्न व्हावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. तीत मतदान नाही, म्हणून सरकारच्या पराभवाची भीती नाही. आणि म्हणूनच ती सढळपणे स्वीकारली जाते. स्थगन प्रस्ताव हे विरोधी पक्षाचे शस्त्र, तर लक्षवेधी सूचना हे साऱ्या सदस्यांचे साधन, असा भेद करता येईल.

शासकीय कामकाज : विधेयकाचा प्रवास

दिवसाचा सर्वांत मोठा भाग यापुढे सरकारचा. विधेयक प्रथम मांडले जाते. मग त्याच्या तत्त्वांवर चर्चा होते. सभागृहाला वाटल्यास ते समितीकडे जाते. नंतर खंडशः विचार होऊन दुरुस्त्यांवर मते घेतली जातात. आणि अखेरीस विधेयक संमत करावे असा प्रस्ताव येतो. विधानसभेने संमत केलेले साधे विधेयक विधान परिषदेत जाते. परिषद ते सुधारू शकते वा फेटाळू शकते. परंतु अखेर विधानसभेचीच इच्छा प्रमाण होते. पहिल्या खेपेस तीन महिने व दुसऱ्या खेपेस एक महिना, एवढाच विलंब परिषदेला करता येतो. धनविधेयकाच्या बाबतीत तर तिच्या हाती केवळ चौदा दिवस असतात.

या सर्व टप्प्यांचा उद्देश एकच : घाईला अडथळा करणे. ज्यांच्यावर कायद्याचा भार पडावयाचा त्यांना बोलण्यास अवसर मिळावा, एवढ्यासाठी हे विलंब योजिलेले आहेत. हे टप्पे असूनही बहुमताचे बळ कसे वापरता येते, आणि अल्पमताला काय उरते, हे १९०१ सालच्या एका प्रसंगावरून दिसते. मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले होते. सारा न भरल्याने सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला पुन्हा देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क त्याला राहू नये, अशी तरतूद तीत होती. शेतकऱ्याला सावकारापासून वाचविण्यासाठी हे करीत आहोत, असे सरकारचे म्हणणे. शेतकरी सरकारचा केवळ कूळ होऊन बसेल, असे विरोधकांचे म्हणणे. अधिक विचारविनिमयासाठी विधेयक थांबवावे ही मेहतांची सूचना सरकारी मतांच्या जोरावर फेटाळली गेली, तेव्हा ते, गोखले आणि त्यांचे काही सहकारी सभागृहातून उठून गेले.

आज सभात्याग ही नित्याची बाब झाल्यामुळे त्या दिवसाचे वैशिष्ट्य सहज ध्यानात येत नाही. ज्या परिषदेत नेमलेल्यांचे बहुमत कायमचेच होते तेथे मत देऊन काही बदलणे शक्य नव्हते. विधेयकाला आपली संमती नाही हे उपस्थितीने नव्हे तर अनुपस्थितीनेच दाखविता येत होते. जबाबदार राज्यपद्धतीत ही स्थिती उरलेली नाही. आजचा अल्पमतातला पक्ष उद्या बहुमतात येऊ शकतो. म्हणून त्या काळचा सभात्याग आणि आजचा सभात्याग यांची तुलना करणाऱ्याने प्रथम सभागृहाची घडण पाहावी. विरोधी बाके रिकामी झाल्यावर उरलेल्या विधेयकांचे खंड एकापाठोपाठ एक, दुरुस्त्यांवाचून, मंजूर होतात. मेहतांच्या सभात्यागात असा धोका नव्हता, कारण गमावण्यासारखे काही त्यांच्या हाती नव्हतेच.

पैशाचे दिवस

अर्थसंकल्पी अधिवेशनात दिवसाचे रूप पालटते. अर्थसंकल्पावर सर्वसाधारण चर्चा होते, मग एकेका खात्याच्या मागण्या येतात. राज्याच्या खर्चाचे दोन भाग असतात : 'दत्तमत', म्हणजे ज्यावर सभागृह मत देते, आणि 'भारित', म्हणजे न्यायाधीशांचे वेतन, कर्जावरील व्याज इत्यादी, ज्यावर चर्चा होऊ शकते पण मत नाही. मागणीत कपात सुचविणारी सूचना क्वचितच संमत होते. परंतु कपात सूचनेच्या निमित्ताने त्या खात्याच्या साऱ्या कारभाराची झडती घेता येते. मागण्या संमत झाल्यावर विनियोजन विधेयक येते, आणि ते संमत झाल्याखेरीज राज्याच्या संचित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही.

हा अधिकारही टप्प्याटप्प्याने आलेला आहे. १८९२ साली अंदाजपत्रकावर केवळ बोलता येई. १९०९ नंतर त्यावर ठराव मांडता येऊ लागला. मागण्यांवर मत देण्याचा अधिकार १९१९ च्या कायद्याने आला. परंतु त्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य यांसारखी 'सोपीव' खाती मंत्र्यांकडे, आणि पोलीस, जमीन महसूल यांसारखी 'राखीव' खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे होती. राखीव खात्याची मागणी परिषदेने नाकारली तर गव्हर्नर ती आवश्यक म्हणून प्रमाणित करी आणि पैसा खर्च होई. सभागृहाचा नकार अखेरचा ठरण्यासाठी जबाबदार मंत्रिमंडळाची वाट पाहावी लागली.

आजची अडचण निराळी आहे. मागण्यांच्या चर्चेसाठी ठरविलेले दिवस संपले की उरलेल्या सर्व मागण्या अखेरच्या दिवशी चर्चेवाचून मतास टाकल्या जातात. नियमाच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. खर्चाला मुदतीत मंजुरी मिळाली नाही तर राज्यकारभार थांबेल. परंतु ज्या खात्याची मागणी अशा रीतीने संमत झाली त्याचा कारभार त्या वर्षी सभागृहात तपासला गेला नाही, एवढे खरे. अभ्यासकाने कोणत्या मागण्यांवर चर्चा झाली हे पाहावे, तसेच कोणत्यांवर झाली नाही याचीही वर्षवार यादी करावी. तिच्यातून पुष्कळ काही निष्पन्न होण्यासारखे आहे.

सदस्याचा दिवस : अशासकीय कामकाज

आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, दिवसाचा अखेरचा भाग मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांना व ठरावांना दिला जातो. अधिवेशनाच्या गर्दीत हा वेळ सर्वांत आधी कापला जातो, आणि सभागृहही त्या वेळी बरेच रिकामे असते. तथापि मुंबई विधिमंडळाच्या इतिहासातील काही फार मोठे विषय याच वाटेने आले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या परिषदेत मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या वर्गांना करू द्यावा, अशी शिफारस त्यात होती. पुढच्या महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना तसे कळविले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तळे बंदच राहिले. ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणला : ज्या स्थानिक संस्था ही शिफारस अमलात आणीत नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

या घटनाक्रमावरून ठराव आणि कायदा यांतील अंतर जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येने होणार नाही. ठराव ही शिफारस असते. ती न मानणाऱ्याला शिक्षा नाही. तेवढ्यावरून तो निरर्थक होता असे मात्र म्हणता येत नाही. जो हक्क लोक बजावू पाहत होते तो परिषदेने मान्य केलेला आहे, हे १९२३ च्या त्या दिवसामुळे सांगता येऊ लागले; महाडच्या सत्याग्रहाला कायदेशीर पाया तेथे मिळाला. सभागृहातील एका दुपारचे मोल पुष्कळदा त्या दुपारी कळत नाही.

दुसरे उदाहरण विधेयकाचे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी, १९३५ च्या कायद्यान्वये नुकत्याच अस्तित्वात आलेल्या १७५ सदस्यांच्या विधानसभेत, डॉ. आंबेडकरांनी कोकणातील खोती पद्धत नष्ट करणारे अशासकीय विधेयक मांडले. विधेयक मांडले गेले, परंतु त्याला पुढचा दिवस मिळाला नाही. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला आणि त्यांच्या शिष्टमंडळाने मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांची भेट घेतली. तरीही विधेयक पुढे सरकले नाही. खोती संपुष्टात आणणारा कायदा झाला तो १९४९ साली, सरकारी विधेयक म्हणून. अशासकीय विधेयकाचे भवितव्य बहुधा असेच असते : ते स्वतः संमत होत नाही, पण विषयाला सभागृहाच्या दप्तरात जागा मिळवून देते, आणि कालांतराने सरकारला तो आपला म्हणून उचलावा लागतो.

ठराव, सरकारी आज्ञा आणि कायदा ही तीन पावले वेगळी ओळखण्यासाठी रोजगार हमीचाही विचार उद्‌बोधक ठरेल. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती असलेल्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर सरकारी योजना म्हणून पसरली. योजना सरकार सुरू करते, तसेच सरकार बंदही करू शकते. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तेव्हा खडी फोडणाऱ्या मजुराची मागणी ही विनंती न राहता हक्क झाली. एका संमत विधेयकाने पडलेला फरक तो एवढा.

दिवस गमावला म्हणजे काय गमावले

सभागृह भरलेच नाही, असाही काळ या प्रांताने पाहिला आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर १९४६ पर्यंत मुंबई प्रांताचा कारभार १९३५ च्या कायद्यातील ९३ व्या कलमाखाली गव्हर्नरने चालविला. महायुद्ध, १९४२ चे आंदोलन, धान्यटंचाई व नियंत्रित वाटप अशा साऱ्या घडामोडी त्या वर्षांत झाल्या. परंतु या प्रांतातील एकाही मंत्र्याला त्याबद्दल एकाही सदस्याला उत्तर द्यावे लागले नाही. कारभार चालू होता, फक्त जाब विचारणारा नव्हता. प्रश्नोत्तरांचा तास म्हणजे काय हे त्याच्या अभावाकडे पाहिल्यावर अधिक नीट समजते.

दिवसावर सदस्याचा हक्क आहे की मतदारसंघाचा, हा प्रश्न २०२१ साली थेट न्यायालयापुढे गेला. जुलै २०२१ मधील दोन दिवसांच्या अधिवेशनात महाराष्ट्र विधानसभेने बारा सदस्यांना एक वर्षासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालू अधिवेशनाच्या मर्यादेपलीकडचे हे निलंबन घटनाबाह्य ठरविले. सभागृहात शिस्त राखण्याचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. परंतु निलंबनाचा हेतू कामकाज सुरळीत चालावे एवढाच असू शकतो, आणि त्याहून दीर्घ निलंबनामुळे शिक्षा सदस्याइतकीच त्याच्या मतदारसंघाला होते, हे त्या निर्णयाच्या मुळाशी आहे. सदस्याची जागा रिकामी ठेवणे म्हणजे लाखो लोकांचा प्रश्नांचा तास काढून घेणे होय, असा त्याचा अर्थ आपल्या विषयापुरता करता येईल.

नागपूर येथे वर्षातून एक अधिवेशन भरते, तेही याच दृष्टीने पाहावे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेल्या आश्वासनांपैकी ते एक आहे. राजधानीपासून दूर असलेल्या प्रदेशाला सरकारने काही दिवस आपल्या दारी येऊन उत्तर द्यावे, ही त्यामागील अपेक्षा. त्या अधिवेशनाची लांबी हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही तो याचमुळे.

संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना अखेरीस एक सूचना करावीशी वाटते. विधिमंडळाच्या चर्चेचे छापील खंड वाचताना आपण बहुधा गाजलेल्या भाषणांच्या शोधात असतो. त्याऐवजी एखादा साधा दिवस निवडावा व तो पहिल्या पानापासून अखेरपर्यंत वाचावा. किती तारांकित प्रश्नांना तोंडी उत्तर मिळाले, किती विधेयके किती वेळात संमत झाली, कोणत्या दुरुस्त्या मांडल्या गेल्या आणि कोणत्या मागे घेतल्या, अशासकीय कामकाजाला ठरलेला वेळ मिळाला की नाही, याची टिपणे घ्यावीत. नंतर दहा वर्षांपूर्वीचा तसाच एक दिवस घेऊन ती टिपणे शेजारी ठेवावीत. सरकार, विरोधी पक्ष आणि साधा सदस्य यांच्यातील वाटणी कोणाच्या बाजूने सरकली आहे हे त्यांतून आकड्यांनिशी दिसेल. १८६२ साली जो दिवस सर्वस्वी सरकारचा होता त्यातला एकेक तास पुढच्या पिढ्यांनी मिळविला. त्यांपैकी आज किती तास शिल्लक आहेत, हे मोजण्याचे काम अभ्यासकांचे आहे.